राष्ट्राध्यक्षांची छायाचित्रं: कारभार एका भिंतीवर, घर दुसऱ्या? (कोकणातल्या दमट हवेत प्रदर्शन लावण्याबद्दल)

पागोळी
दिवाळीच्या सुट्टीत इथल्या वाचनालयाच्या सभागृहात छायाचित्रांचं प्रदर्शन लावायचं ठरलं आहे. विषय अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी, १९६१ ते १९६३. भाषणं, करार, परदेशी पाहुणे हा सार्वजनिक भाग आणि पत्नी, मुलं, समुद्रकिनारा हा घरचा भाग. केनेडीच का, तर त्यांच्या काळातल्या सरकारी छायाचित्रकारांचं काम भरपूर आहे, नीट तारखांसकट जपलेलं आहे आणि शाळेतल्या मुलांना दोन्ही बाजू एकत्र दाखवता येतात.

सभागृह ३० फूट बाय २० फूट. भिंती जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. एक दार, तीन मोठ्या खिडक्या. चाळीस छायाचित्रं लावायचा विचार आहे, १२ बाय १८ इंची.

प्रश्न तीन. कोणती छायाचित्रं परवानगीशिवाय वापरता येतात? आपल्या हवेत छपाई आणि फ्रेम टिकायला काय करावं? आणि मांडणी: एका भिंतीवर कारभार, समोरच्या भिंतीवर घर, असं माझ्या मनात आहे. चुकतंय का?

निगेटिव्ह१२०
पहिल्या प्रश्नाचं उत्तर छायाचित्र कोणी काढलं यावर आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रावर तिथे कॉपीराइट नसतो. केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये असे तिघे प्रमुख होते: लष्कराच्या सिग्नल कोअरचे (दळणवळण विभागाचे) सेसिल स्टॉटन, नौदलाचे रॉबर्ट नडसन आणि नॅशनल पार्क सर्व्हिसचे अ‍ॅबी रो. बॉस्टनच्या केनेडी लायब्ररीत छायाचित्राच्या क्रमांकाआधीची अक्षरं पाहा. एसटी म्हणजे स्टॉटन, केएन म्हणजे नडसन, एआर म्हणजे रो. हे तीन उपसर्ग दिसले की बहुतेक वेळा रस्ता मोकळा. तरी त्या नोंदीतली हक्कांची ओळ प्रत्येक वेळी वाचा आणि पानाची प्रत फाइलसोबत ठेवा.

फसगत होते ती घरच्या छायाचित्रांत. लोकांना सगळ्यात आठवतो तो टेबलाखालच्या झडपेतून डोकावणारा छोटा जॉन, केनेडींचा मुलगा. तो फोटो ऑक्टोबर १९६३ मध्ये स्टॅन्ली ट्रेटिक यांनी 'लुक' मासिकासाठी काढला. ते सरकारी नोकर नव्हते. वडिलांच्या शवपेटीला सलाम करणाऱ्या जॉनचा सर्वांना माहीत असलेला फोटो, २५ नोव्हेंबर १९६३, युपीआय वृत्तसंस्थेच्या स्टॅन स्टर्न्स यांचा. खिडकीपाशी पाठमोरे वाकलेले केनेडी, १० फेब्रुवारी १९६१, न्यूयॉर्क टाइम्सच्या जॉर्ज टेम्स यांचा. हे तिन्ही इंटरनेटवर शेकडो ठिकाणी 'मोफत' म्हणून पडलेले सापडतील. हक्क स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय घेऊ नका.

चिरेबंदी
आधी भिंत मोजा. ३० बाय २० चा घेर १०० फूट. दार, खिडक्या, कपाटं आणि स्विचबोर्ड वगळले की साधारण ६४ फूट हाती लागतात. १२ बाय १८ चा प्रिंट, भोवती ३ इंच माउंट (पुठ्ठ्याची पट्टी), म्हणजे फ्रेम १८ बाय २४. उभी लावली तर रुंदी १८ इंच, दोन फ्रेमांत १० इंच अंतर, म्हणजे एका फ्रेमला २८ इंच. चाळीस फ्रेमांना ९३ फूट लागतील. बसणार नाहीत. सव्वीस बसतात, ६१ फुटांत. आडव्या फ्रेमा जास्त असतील तर आकडा आणखी खाली येईल, कारण त्यांना प्रत्येकी ३४ इंच हवेत. दोन ओळींत लावायचा मोह टाळा. वरची ओळ मुलांना दिसत नाही आणि खालच्या ओळीसाठी मोठ्यांना वाकावं लागतं.

मालवणचो_वारो
जांभ्याक खिळो मारू नकात. आज रवतलो, उद्या गंज धरतलो आणि फ्रेम खाली येतली.

चिरेबंदी
@मालवणचो_वारो, अगदी बरोबर. जांभ्यात भोकं आणि मऊ माती असते, ड्रिल सरळ आत जातं आणि प्लग पकडच घेत नाही. १८ बाय २४ ला २ मिलिमीटरची काच लावली तर नुसती काच सुमारे १.४ किलो भरते. वर फ्रेम, पाठ, माउंट. त्यापेक्षा तुळईला किंवा खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलला लाकडी पट्टी स्क्रूने बसवा आणि तिच्यावरून प्रत्येक फ्रेम दोन दोऱ्यांवर सोडा. एका दोरीवर सोडलेली फ्रेम पंख्याच्या वाऱ्याने तिरकी होते. दोरी नायलॉनची किंवा तार स्टेनलेस स्टीलची. साधी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार खाऱ्या हवेत गंजते आणि भिंतीवर तांबूस ओघळ सोडते.

फ्रेम भिंतीला टेकू देऊ नका. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची किंवा बुचाची अर्ध्या इंचाची गुटी चिकटवा. मागे हवा खेळली नाही तर पहिल्या पंधरवड्यातच माउंटवर बुरशीचे ठिपके येतात, आणि ते भिंतीच्या बाजूने येत असल्यामुळे समोरून उशिरा कळतात.

रातांबा
उंचीचं राहिलं. फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचांवर ठेवण्याची पद्धत आहे. प्रेक्षक शाळेतली मुलं असतील तर ५३ वर आणा. सगळ्या फ्रेमांचे मध्य एका ओळीत घ्या, वरच्या कडा नव्हेत. चौकोनी आणि उभ्या फ्रेमा मिसळल्या की वरच्या कडा जुळवण्याच्या नादात ओळ बिघडते.

निगेटिव्ह१२०
चौकोनीवरून आठवलं. व्हाइट हाउसच्या या छायाचित्रांतली बरीचशी १२० च्या फिल्मवर काढलेली आहेत. निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटर, म्हणजे चित्र चौकोनी. लॅबवाला ते १२ बाय १८ मध्ये 'बसवून' देतो, म्हणजे वरचं आणि खालचं कापतो. देऊ नका कापायला. १२ बाय १२ च छापा.

कापण्याने काय होतं याचं उदाहरण डॅलसचं. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाल्यावर विमानात लिंडन जॉन्सन यांचा शपथविधी झाला, न्यायाधीश सारा ह्यूज समोर, शेजारी जॅकलिन केनेडी. स्टॉटन यांचा हॅसलब्लाड कॅमेरा पहिल्यांदा दाबला तेव्हा चाललाच नाही. दुरुस्त होऊन मग चालला. जॅकलिनच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते आणि स्टॉटन यांनी चौकट अशी धरली की ते दिसू नयेत. चौकट कुठे थांबवायची हा त्या माणसाचा त्या क्षणीचा निर्णय होता. आपण वर आणखी कात्री चालवायची नाही.

किनारपट्टी
छपाईबद्दल. आधी फाइल मोजा. १२ बाय १८ ला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. चार फुटांवरून बघायचं असेल तर २०० डीपीआय चालतं, म्हणजे २४०० बाय ३६००. १२ बाय १२ ला २४०० बाय २४००. त्याहून लहान फाइल मिळाली तर प्रिंट लहान करा, फाइल ताणू नका. ताणलेल्या फाइलमध्ये चेहऱ्याची कातडी मेणासारखी दिसते.

कृष्णधवल छायाचित्र लग्नाच्या अल्बमवाल्या रंगीत लॅबमध्ये दिलं की त्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येते. कारण तो कागद रंगीत आहे आणि काळा-राखाडी तीन रंग मिसळून तयार होतो. लॅबला तीन गोष्टी लिहून द्या: ऑटो करेक्शन बंद, फाइल एसआरजीबी, आणि आधी एक ४ बाय ६ चा नमुना. नमुना दिवसाउजेडात बघा. परवडत असेल तर पिगमेंट शाईचा इंकजेट प्रिंट मॅट कागदावर घ्या. डाय शाईचा प्रिंट आपल्याकडे सादळला की कडांना रंग पसरतो, आणि काळ्या भागांत आधी दिसतो.

इंकजेट प्रिंट लगेच फ्रेममध्ये घालू नका. दोन प्रिंटांमध्ये साधा कोरा कागद घालून २४ तास ठेवा. शाईतला द्रव पूर्ण उडाला नाही तर काचेच्या आतून धुरकट थर जमतो, आणि मग सगळ्या फ्रेमा उघडून पुसायची पाळी येते.

सुरंगी
काचेऐवजी सरळ सनबोर्डवर (प्लॅस्टिक फोमच्या फळ्यावर) प्रिंट चिकटवून मॅट लॅमिनेशन का नको? ५ मिलिमीटरचा सनबोर्ड हलका असतो, फुटत नाही, दोन दिवसांत होतो.

किनारपट्टी
@सुरंगीताई, सात-आठ दिवसांचं प्रदर्शन असेल तर तेच करा. मॅट लॅमिनेशनमुळे ट्यूबचा उजेड चमकत नाही, हा मोठा फायदा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. प्रिंट रोलर मशीनवर चिकटवून घ्या, हाताने चिकटवला की हवा अडकते आणि दुपारच्या उन्हात तिथे फुगा येतो. आणि बोर्ड उभा टेकवून ठेवू नका, कमान धरतो. सपाट ठेवा. नंतर हेच प्रदर्शन शाळाशाळांतून फिरवायचं असेल तर फ्रेम बरी.

चिरेबंदी
फ्रेमच करायची तर पाठीला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा) नको, ओल धरून फुगतो. ५ मिलिमीटरचा सनबोर्डच पाठीला घाला आणि कडेने अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी फिरवा. काच प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये माउंटबोर्डचं अंतर हवंच. टेकली तर दमट दिवसांत प्रिंटचा पृष्ठभाग काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. काचेऐवजी २ मिलिमीटर अ‍ॅक्रेलिक घेतलं तर वजन निम्म्यावर येतं, पण ते धूळ ओढतं आणि कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे पडतात.

ओहोटी
पंखा लावला की ओल जाते असा समज आहे. पंख्याने हवा कोंदट राहत नाही इतकंच, दमटपणा तेवढाच राहतो. एक डिजिटल हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारं यंत्र) खोलीच्या मध्यात ठेवा. आकडा ६५ टक्क्यांच्या वर सलग राहिला की बुरशीला आमंत्रण. संध्याकाळी खारा वारा सुटायच्या आत समुद्राकडच्या खिडक्या लावा. सिलिका जेल मोकळ्या सभागृहात ठेवून उपयोग नाही, प्रदर्शनाआधी आणि नंतर ज्या पेट्यांत प्रिंट ठेवाल त्यांत ठेवा. नारिंगी दाण्याचं घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं.

जुनीपाटी
अमेरिकेचेच राष्ट्राध्यक्ष का? आपल्याकडची छायाचित्रं ठेवा की. २६ जानेवारी १९५० ला डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा दरबार हॉलमधला शपथविधी आहे. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचं काम आहे. कोकणातलंच हवं तर रामनाथ कोविंद ६ डिसेंबर २०२१ ला रायगडावर रोपवेने गेले होते आणि १२ फेब्रुवारी २०२२ ला मंडणगड तालुक्यात आंबडवे इथे, डॉ. आंबेडकरांच्या मूळ गावी आले होते.

निगेटिव्ह१२०
@जुनीपाटी, कल्पना उत्तम, हक्कांचा हिशेब वेगळा. भारतात १९५७ च्या कायद्याने सरकारी कामावर प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. छायाचित्रांनाही २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत हाच नियम होता, त्यानंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असा झाला. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेलं छायाचित्र २०१० अखेर मोकळं झालं. २०२१ आणि २०२२ ची छायाचित्रं मात्र हक्कांत आहेत, त्यांच्यासाठी संबंधित विभागाच्या अटी वाचून, लेखी विचारून, श्रेय देऊन वापरा.

दोन्ही देश एका चौकटीत हवे असतील तर तेही आहे. डॉ. राधाकृष्णन ३ जून १९६३ ला वॉशिंग्टनला गेले होते. त्या दिवशी पाऊस होता. केनेडींनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर त्यांचं स्वागत केलं. नेहरूंची भेट नोव्हेंबर १९६१ ची आहे, जॅकलिन भारतात आल्या तो मार्च १९६२.

रातांबा
मग छायाचित्रांखालच्या ओळींमध्ये शब्दही ठरवून घ्या. भारताचे राष्ट्रपती, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. ३ जूनच्या एकाच फोटोत दोघे आहेत. एका ओळीत 'अध्यक्ष', दुसरीत 'प्रेसिडेंट' असं झालं तर मुलं गोंधळतात.

शाईदौत
ओळींवरून लिहिते, कारण प्रदर्शनं बहुतेक तिथेच कच्ची राहतात. प्रत्येक छायाचित्राखाली पाच गोष्टी: तारीख, ठिकाण, डावीकडून उजवीकडे कोण, छायाचित्रकार, संग्रहाचा क्रमांक. मग दोन-तीन वाक्यं. एकूण ६० शब्दांच्या आत. अक्षर १८ ते २० पॉइंट.

वर निगेटिव्ह१२० यांनी टेम्स यांच्या पाठमोऱ्या केनेडींचा उल्लेख केला. तो फोटो जगातल्या सगळ्यात एकाकी नोकरीचं चित्र म्हणून छापला गेला. प्रत्यक्षात पाठीच्या दुखण्यामुळे केनेडी उभ्यानेच, हात टेकून, वर्तमानपत्रं वाचत होते. फोटो खोटा नाही, पण ओळ न लिहिता टांगला तर बघणारा स्वतःची गोष्ट त्यात भरतो. लिंकन आणि त्यांचा मुलगा टॅड यांचा ९ फेब्रुवारी १८६४ चा फोटोही तसाच. बाप-लेक बायबल वाचताहेत असं लोक समजत आले. ते पुस्तक म्हणजे छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडी यांच्या स्टुडिओतला छायाचित्रांचा अल्बम होता. उलट बाजूने पाहायचं तर फ्रँकलिन रूझवेल्ट बारा वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, आणि चाकाच्या खुर्चीतले त्यांचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एक फेब्रुवारी १९४१ चा, घरच्या माणसाने, मार्गारेट सकली यांनी काढलेला. काय दाखवायचं आणि काय नाही हे घरच्या फोटोंतही ठरवलेलं असतं. म्हणून घरच्या फोटोखाली 'कौटुंबिक क्षण' एवढंच लिहून सोडू नका. तिथेही तारीख आणि छायाचित्रकार हवाच.

छपाईला देताना ओळी पीडीएफमध्ये, फॉन्ट आत बसवून द्या. युनिकोड मजकूर उघडा दिला की डीटीपीवाला तो जुन्या फॉन्टमध्ये बदलतो आणि 'राष्ट्राध्यक्ष' मधला ष्ट्र आणि 'ऱ्या' हमखास मोडतात. प्रूफ कागदावर घ्या, मोबाइलवर नको.

सुरंगी
याच सभागृहात गावातल्या माजी नगराध्यक्षांच्या घरचे जुने फोटो एका टेबलावर ठेवता येतील का? उद्घाटनं, पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन, घरचं लग्न असं सगळं एकाच अल्बममध्ये असतं. मुलांना जवळचं वाटेल.

किनारपट्टी
ठेवा, पण मूळ फोटो नको, प्रती ठेवा. ४ बाय ६ चा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, टिफ फाइल सुमारे २६ एमबी. निगेटिव्ह सापडली तर ती आधी, २४०० डीपीआयने.

प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा सरकवत न्या. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करायचा, सोडवायचा नाही. बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही, फोटोवरचा जिलेटिनचा थर तिने आधीच मऊ केलेला असतो, फडक्याबरोबर चेहराच निघून येतो. आधी फोटो कोरडा होऊ द्या, मग मऊ ब्रशने, मोकळ्या हवेत, नाकाला मास्क लावून झाडा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

ओहोटी
आणि कसर (कागद खाणारा किडा) बघा. अल्बमच्या शिवणीत आणि खळ लावलेल्या जागी ती असते. एका घरचा अल्बम दुसऱ्या घरच्या अल्बमवर ठेवण्याआधी वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवा.

जुनीपाटी
पागोळीताईंचा तिसरा प्रश्न तसाच राहिला. एक भिंत कारभार, एक भिंत घर. मला ते पटतं. बघणाऱ्याला सोपं.

शाईदौत
मला पटत नाही, आणि कारण तारखांतच आहे. स्टॉटन यांचा तो प्रसिद्ध फोटो, केनेडी टाळ्या वाजवताहेत आणि कॅरोलाइन व जॉन त्यांच्या कचेरीत नाचताहेत, तो १० ऑक्टोबर १९६२ चा. कॅरोलाइन पाच वर्षांचीही नव्हती, जॉन दोनाचाही नव्हता. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यु-२ हेरविमानाने क्यूबावरून सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे फोटो घेतले. १६ तारखेला ते केनेडींसमोर आले. कॅबिनेट रूममधल्या बैठकीचा स्टॉटन यांचाच फोटो २९ ऑक्टोबरचा. म्हणजे सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे घेण्याचं जाहीर केल्याच्या दुसऱ्या दिवसाचा. ओळीत 'संकटाच्या ऐन मध्यावर' असं लिहू नका.

दोन भिंती केल्या तर नाच एका टोकाला जातो आणि बैठक दुसऱ्या. एकोणीस दिवस, एकच इमारत, एकच छायाचित्रकार. तारखेने लावले तर शेजारी येतात आणि बघणारा आपणच तारखा वाचू लागतो. ऑगस्ट १९६२ चा हायनिस पोर्टचा (तिथे केनेडींचं किनाऱ्यावरचं घर होतं) कुटुंबाचा फोटो त्यांच्या आधी येतो. तो समुद्रकिनारा आपल्या मुलांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

निगेटिव्ह१२०
सहमत. घर आणि कारभार ओळखू यावा असं वाटत असेल तर ओळीच्या पट्टीला दोन फिकट रंग द्या. फ्रेम आणि माउंट सगळीकडे एकच. घरच्या फोटोला सोनेरी फ्रेम आणि कारभाराला काळी असं झालं की निकाल आधीच देऊन टाकल्यासारखं होतं.

जुनीपाटी
तारखा बघून मत बदलतो. तारखेनेच लावा.

पागोळी
सगळ्यांचे आभार. सव्वीस फ्रेमा, तारखेने. सरकारी छायाचित्रकारांचेच घेते. चौकोनी ते चौकोनीच. गावातले फोटो टेबलावर, प्रतींच्या रूपात.

कागदावर आखून पाहिलं तर एक अडचण दिसते. १० ऑक्टोबर अकरावा येतो आणि २९ ऑक्टोबर बारावा, पण त्यांच्या मध्ये नेमका खोलीचा कोपरा आहे. दोन वेगळ्या भिंतींवर जाताहेत.

चिरेबंदी
सुरुवातीला दाराशेजारी प्रस्तावनेचा फलक ठेवा, २८ इंचांचा. सगळी रांग एका जागेने पुढे सरकेल, अकरावा कोपरा ओलांडून बाराव्याच्या भिंतीवर येईल. शेवटी एक फ्रेम जास्त होते का ते बघा. ६४ फुटांत २७ जागा बसतात, म्हणजे होणार नाही. फक्त कोपऱ्यापासून पहिली फ्रेम ८ इंच तरी दूर ठेवा, जांभ्याच्या भिंतीत ओल कोपऱ्यातच आधी उतरते.